प्रॉम्प्टरची लेक

श्रद्धाचे ओठ म्हणून कधी स्वस्थ बसले नाहीत. समोरच्याने बोलायला तोंड उघडावं, तोवर त्याचं वाक्य हिच्या ओठांवर हजर! जयगडची मासळीवाली दारात टोपली उतरवून भाव सांगायच्या आधी हिचे ओठ हलायचे. भजनात बुवांनी अभंग उचलला की ही त्यांच्यापुढे अर्धी ओळ. नवऱ्याचा मुंबईहून फोन आला की त्याची वाक्यं हीच पुरी करायची, आणि तो बिचारा ‘हां, तेच’ म्हणून गप्प व्हायचा. कोणी याला खोड म्हणो, पण खरं तर हा वारसा होता.

तिचे वडील भिकाजी म्हणजे पंचक्रोशीतले नामांकित प्रॉम्प्टर. सत्यनारायणाच्या पूजेला गावात नाटक व्हायचं. नटमंडळी चाकरमानी, आदल्या दिवशी एसटीतून उतरणारी. पाठांतराच्या नावाने शंख! तरी नाटक पार पडायचं, ते विंगेत पुस्तक धरून बसलेल्या भिकाजींच्या जिवावर. लोक म्हणायचे, भिकाजी विंगेत असला तर मांडवाचा खांबसुद्धा संवाद म्हणेल. छोटी श्रद्धा बापाला खेटून बसायची आणि त्याच्याबरोबर ओठ हलवायची.

त्याच नाटकांत निलेश हा नायक. दिसायला झोकदार, आवाज खणखणीत, पाठांतर शून्य. एकदा ऐन प्रवेशात वीज गेली. कोणीतरी गॅसबत्ती आणून मंचावर टांगली, पण विंगेत काळोख तो काळोखच. भिकाजींना अक्षर दिसेना, आणि हा बहाद्दर तलवार उगारून उभा तो उभाच. एक शब्द फुटेल तर शपथ! गाव हसून हसून लोळलं. पुढे कितीतरी दिवस पोरंटोरं त्याला रस्त्यात अडवून विचारायची, “काय निलेशदा, लाइट आली काय?” तरीही श्रद्धाने त्याच्याशीच लग्न केलं. बायकांचं हे असंच असतं, त्याला इलाज नाही.

आणि अशा या दोघांची लेक तेजस्वी. बोलायला लागली की कान किटवणारी, पण पुस्तक समोर धरलं की मुकी.

हे कळलं दिवाळीची सुट्टी संपल्यावर. हातखंब्याहून आत गेलं की यांची वाडी, आणि वाडीच्या वरच्या अंगाला चिऱ्याची शाळा. तिथल्या योगिनी बाईंनी एकेका मुलाला जवळ बसवून वाचून घेतलं आणि मग श्रद्धाला बोलावणं धाडलं. बाई सरळ माणूस. आडपडदा नाही.

“तेजस्वीच्या आई, हिला वाचता येत नाही. सुटी अक्षरं ओळखते, शब्द लागत नाही. तिसरीत आहे ती.”

धरणीमातेने पोटात घेतलं तर बरं, असं श्रद्धाला झालं. ती स्वतः दहावी पास, फर्स्ट क्लास. भिकाजींची लेक! आणि तिची पोर ‘कमळ’ वाचायला अडते?

निलेशपासून लपवणं तिला जमेना. फोनवर सांगून टाकलं, आणि सांगितल्या क्षणी पस्तावली.

“ताई कधीची सांगतेय,” निलेश म्हणाला. “विरारला तिच्या गेटसमोर शाळा आहे, शेजारी क्लास आहे. तिथे काय होणार आहे पोरीचं? हे बघ, शिमग्याला येतोय मी. माझ्यासमोर वाचून दाखवू दे. वाचलं तर राहू दे तिथेच. नाहीतर जूनपासून तेजू विरारला.”

या वेळी मात्र नवऱ्याचं वाक्य पुरं करायला श्रद्धाचे ओठ हलले नाहीत. आपणही जाऊ पोरीबरोबर म्हणावं तर जाणार कुठे? निलेश भिवंडीला गोदामात कामाला, राहायला गाववाल्यांची खोली, तिथे बाप्यांनाच पाय पसरायला जागा नाही. नणंदेच्या दोन खोल्यांत पोर मावेल, पोरीची आई मावणार नाही. इकडे सासरे केरूअण्णा गुडघ्यांनी जायबंदी होऊन पडवीत बसलेले, गोठ्यात गाय, पाठीमागे काजू. म्हणजे लेक गणपतीला नि शिमग्याला पाहुणी येणार, आणि एखाद्या वर्षी आपल्याला ‘आई’ म्हणताना लाजणार. त्या विचाराने भाकरी थापता थापता हात थांबायचा आणि तव्यावरची करपायची.

बाईंनी त्याच सुमाराला आयांचा गट केला. रोज दिवेलागणीला अर्धा तास प्रत्येक आईने मुलाजवळ बसायचं, वाचून घ्यायचं, जमलं तर व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकायचा. वाडीतल्या इतर बाया कुरकुरल्या, पण श्रद्धाने पदर खोचला. देवाजवळ दिवा लागला की ती तेजूला पडवीत बसवायची. समोर स्वतः, हातात मोबाइल. आधी आपण एकदा वाचून दाखवायची, मग “हं, आता तू.” पहिले काही दिवस रडारड, चापटी, नाक ओढणं. मग हळूहळू गाडी रुळावर आली. इतकी आली की पौषात तेजस्वी अख्खा धडा फडाफडा वाचू लागली. कुठे अडखळणं नाही, श्वास घेणं नाही.

व्हिडिओ ग्रुपवर गेला. अंगठ्यांवर अंगठे आले. निलेशने तो नणंदेला पाठवला, गाववाल्यांच्या खोलीत सगळ्यांना दाखवला. केरूअण्णा म्हणाले, “आज्यावर गेली.” म्हणजे भिकाजींवर. श्रद्धा हवेत. विरारचं भूत गेलं एकदाचं, असं तिला वाटलं.

पण तिला झोप काही लागेना. मनात कुठेतरी कुसळ अडकलं होतं. कारण पोरीला परवा दुकानात पाठवली, तर बिस्किटाच्या पुड्यावरचं नाव तिने दुकानदाराला विचारलं होतं.

एका संध्याकाळी योगिनी बाई स्वतःच दारात. चप्पल काढता काढता म्हणाल्या, “चहा नको हं. आज मी नुसती बसणार. शाळेत ही तोंड उघडत नाही आणि तुमच्याकडे पोपटासारखी बोलते. मला बघायचंय कसं ते.”

श्रद्धाने पदर सारखा केला. उगाच. तिने तेजूला बसवलं, समोर आपण बसली. बाई पोरीच्या शेजारी टेकल्या. तेजू सुरू झाली, बोट ओळीवर, आवाज खणखणीत. बाईंनी थोडा वेळ ऐकलं. मग हळूच हात पुढे करून पान उलटलं.

तेजू थांबली नाही. बोट नव्या पानावर, तोंडात जुनाच धडा. बाईंनी पुस्तक मिटलं. तरी ती म्हणतच होती, नजर समोर, आईच्या तोंडावर. तेव्हा कुठे श्रद्धाला कळलं की आपले ओठ हलताहेत. ते थांबले तशी पोरही थांबली, शब्दाच्या अर्ध्यात.

केरूअण्णांनी मान दुसरीकडे फिरवली.

“व्हिडिओत मला वाटायचं ती कॅमेऱ्याकडे बघते,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “तेजस्वीच्या आई, वाचतंय कोण?”

असं कोणी तोंडावर विचारलं की माणूस एक तर रडतं, नाहीतर भांडतं. श्रद्धा भांडली.

“मग तुम्ही काय करत होता बाई शाळेत? पहिली झाली, दुसरी झाली. तेव्हा नाही दिसलं? माझी पोर जाणार आता विरारला, तुमचं काय जातंय!”

बाईंचा चेहरा उतरला. मग त्याही भांडायला उठतील असं श्रद्धाला वाटलं होतं, पण त्या म्हणाल्या, “खरंय तुमचं. दोन्ही वर्षं मीच होते हिला. सगळी मुलं एका सुरात वाचायची आणि हिचा आवाज सगळ्यांत मोठा. मी म्हटलं, येतंय हिला. एकटीला उभी करून बघायला हवी होती, ती केली नाही. शेजारच्याचं ऐकून तिथे म्हणायची, इथे तुमचं बघून म्हणते. पोर हुशार आहे हो. नको तितकी हुशार आहे.”

तेजू दोघींकडे आळीपाळीने बघत होती. मग तिने विचारलं, “माझं चुकलं काय?”

श्रद्धाने तिला ओढून कुशीत घेतलं आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून धडा बंद. शाळा भरायच्या आधी बाई तेजूला घेऊन व्हरांड्यात बसायच्या. “काल काय झालं, सांग.” काल काय झालं हे तेजूला कोणी विचारायचाच अवकाश! मांजरीने मासळीवालीच्या टोपलीतला बांगडा कसा पळवला, मासळीवालीने आईमाईवरून तिचा कसा उद्धार केला, हे सगळं ती सांगायची. बाई शिव्या वगळून तेच मोठ्या अक्षरात कागदावर लिहायच्या आणि तिचंच बोलणं तिला वाचायला द्यायच्या. कागद घरी यायचा. रोज नवा, पाठ व्हायला वेळच नाही.

आणि श्रद्धाला काम एकच. गप्प बसायचं. पोरीने डोकं वर केलं तर “मग काय झालं?” एवढं विचारायचं, बाकी चकार शब्द नाही.

“आणि एक,” बाईंनी बजावलं होतं. “पाठ म्हणणारं मूल चुकत नाही. वाचणारं मूल चुकतं, थबकतं, मागे येऊन पुन्हा वाचतं. ज्या दिवशी ती चुकून आपली आपण मागे येईल, त्या दिवशी मला फोन करा. असाल तिथून.”

ऐकायला सोपं. श्रद्धाला विचारा! पोर ‘मां... मां...’ करत अडायची आणि इकडे हिच्या जिभेवर ‘मांजर’ येऊन नाचायचं. हात चुळबुळायचे, पाय हलायचे, जीव नुसता वरखाली. पोरीकडे पाठ फिरवून बसली, तर पोर उठून पुढ्यात यायची, तोंड बघायला. शेजारची चिमाकाकी ही गंमत रोज कुंपणावरून बघायची. ती एकदा म्हणाली, “अगो, तुला गप बसवत नाय तर तोंडात पाण्याची गुळणी धर. माझी सासू मला धरायला लावायची, भांडण नको म्हणून.”

चिमाकाकीने म्हटलं थट्टेने, श्रद्धाने धरलं मनावर. रोज दिवेलागणीला ती तांब्यातून पाण्याचा घोट तोंडात घ्यायची आणि गाल फुगवून बसायची. तेजू पहिल्या दिवशी हसून कोलमडली. मग आईच्या तोंडावर बघण्यासारखं काही राहिलं नाही, तशी कागदाकडे बघायला लागली. रडत, चिडत, “मला नाय येत” म्हणत, पण कागदाकडेच. ‘मग काय झालं’ विचारायचं काम केरूअण्णांनी आपणहून घेतलं.

माघ संपत आला होता. काजूच्या बिया पडवीत वाळत पडल्या होत्या. तेजू वाचत होती, “आमची गाय... काळ... काल... ” थांबली. बोट मागे गेलं. “आमची गाय काल शेतात घु... घुसली.” आणि पुढे निघून गेली.

श्रद्धा ताडकन उठली. तोंडात पाणी, डोळ्यांत पाणी. खळ्यात धावली, अंगणातल्या तुळशीपलीकडे चूळ टाकली आणि फोन लावला. “बाई, चुकली! चुकली हो, आणि आपली आपण मागे आली!”

पलीकडून बाई किंचाळल्याच. कुंपणापलीकडे चिमाकाकी कपाळाला हात लावून उभी. “पोर चुकली म्हणून एवढा आनंद? देवा, या घराचं काय खरं नाय.”

पण शिमगा काही कोणासाठी थांबत नाही. निलेश आला तेव्हा तेजूची गाडी अजून चढावावरच होती. नवा मजकूर ती वाचायची, पण ढकलत ढकलत. श्रद्धा बाईंकडे धावली. “अजून थोडे दिवस मिळाले असते हो!” बाई म्हणाल्या, “मी येऊन सांगू का त्यांना?” श्रद्धाने नको म्हटलं. नवऱ्यासमोर बाईंनी आपली बाजू मांडायची, म्हणजे परत कोणीतरी दुसऱ्यानेच बोलायचं.

निलेशने आल्या आल्या बॅग उघडली. खाऊ, फ्रॉक, आणि दादरला घेतलेलं एक गोष्टीचं पुस्तक. छप्पर गळणाऱ्या कासवाची गोष्ट. त्याच्याबरोबर खोलीतला दर्शनही आला होता, त्याने तो व्हिडिओ पाहिलेला.

“हं, तेजूबाय,” निलेश पडवीत मांडी ठोकून म्हणाला, “दर्शनकाकाला ऐकव. फडाफडा.”

श्रद्धा माजघराच्या दारात उभी होती. निलेशने पुस्तक उघडलं तेवढ्यात तिने त्याच्या खांद्यावरून पहिलं पान वाचून टाकलं होतं. सवय! अख्खं पान आता तिच्या ओठांवर तयार होतं. तेजू बसली होती बरोबर समोर.

“एका... एका गा... गावात,” तेजूने सुरुवात केली. “एक का... कासव रा... राहत होते.”

दर्शनने निलेशकडे पाहिलं. निलेशच्या कपाळाला आठी पडली. तेजूने ती पाहिली आणि तिचा आवाज आणखी खाली गेला.

“त्याच्या... पाठी... पाठीवरचे छप्पर गा... गळत होते. त्याला... दु...”

अडली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि तिने मान वर करून सरळ आईच्या तोंडाकडे बघितलं.

श्रद्धाच्या ओठांवर ‘दुरुस्ती’ हा शब्द विस्तवासारखा बसला होता. नुसते ओठ हलवायचे. आवाजसुद्धा नको. निलेशची पाठ तिच्याकडे, कोणाला कळणार नव्हतं. पोर पान संपवील, दर्शन वाहवा करील, विरार टळेल, लेक कुशीत राहील. वडिलांनी आयुष्यभर हेच केलं, शंभर जणांची अब्रू राखली. एका पोरीची राखली तर काय पाप?

तिने ओठ उघडलेही. मग तिला तलवार उगारून उभा राहिलेला तो नायक आठवला, आणि विंगेतला काळोख.

ती वळली आणि मागच्या दाराने बाहेर पडली. घराला वळसा घालून खळ्याच्या टोकाला, गोठ्यापाशी जाऊन उभी राहिली. गायीच्या पाठीवर हात ठेवला. पडवीतून काही ऐकू येईना. शांत. भयाण शांत. तिने डोळे मिटले. ‘गेली,’ ती मनात म्हणाली, ‘पोर गेली माझी.’

थोड्या वेळाने निलेश पायात चपला सरकवत तिच्याकडे आला. चेहरा पडलेला.

“हे काय गं? व्हिडिओत कशी वाचत होती! आता तर एकेका शब्दाला अडखळतेय. पुढे जायची सोडून मागे आली का पोर?”

“अडखळते,” श्रद्धा म्हणाली. “अडखळणारच. व्हिडिओत ती वाचत नव्हती, मी वाचत होते. समोर बसून ओठ हलवत होते. मला कळलंसुद्धा नाही. मी विंगेत होते हो.”

निलेश काहीतरी बोलायला गेला. या खेपेला श्रद्धाचे ओठ मिटलेले होते, त्याचं वाक्य त्यालाच शोधायचं होतं. त्याला ते सापडेना. त्याने रुमालाने कपाळ पुसलं. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाला, “आणि आता?”

“आता विंगेत कोणी नाही. आता जे येईल ते तिचं. हळू येईल. बाई आहेत, मी आहे. न्यायची तर न्या विरारला, पण तिथे परत कोणाचं तरी तोंड बघायला लावू नका तिला. त्या गॅसबत्तीच्या रात्री तुम्ही भोगलंय ते.”

निलेशच्या खिशातला फोन वाजला. पडद्यावर ताई. जूनच्या प्रवेशाचं विचारायलाच असणार. तो फोनकडे बघत होता, एवढ्यात पडवीतून आवाज आला. दर्शन केव्हाच उठून पडवीच्या दुसऱ्या टोकाला केरूअण्णांशी गप्पा मारत बसला होता. पोरीला कोणी वाच म्हणत नव्हतं, कोणी ऐकत नव्हतं. ती एकटीच पुस्तकावर ओणवी झाली होती.

“त्याला... दुर... दुरस... ” थांबली. मागे आली. “त्याला दुरुस्ती हवी होती.”

श्रद्धाने तोंडावर पदर धरला.

निलेशने फोन उचलला. “ताई, जूनचं राहू दे,” तो म्हणाला. “का म्हणजे? नंतर सांगतो. आता नको, पोर वाचतेय.” आणि फोन खिशात टाकून तो पडवीच्या पायरीवर जाऊन टेकला, पोरीकडे पाठ करून. पान उलटल्याचा आवाज आला, मग पुन्हा शांत. बराच वेळ शांत. शेवटी त्याच्याच्याने राहवेना.

“तेजू, मग काय झालं?”

“थांबा ना, पप्पा! वाचतेय ना मी!”